जार पुरायच्या आधी

आमच्या भागात जनावर व्यालं की जार, म्हणजे पोटात पिलाला गुंडाळून असलेलं आवरण, पडायची वाट बघतात, आणि पडला की तो नजरेआड करायची घाई करतात. कुणी उकिरड्यात खोल पुरतं, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. काही गावांत गाई-म्हशीचा जार फडक्यात बांधून वडाच्या फांदीला टांगतात, दूध वाढतं म्हणून. पुस्तकात त्याला वार म्हणतात, आमच्या नांदेडच्या लोहा-कंधारकडे जार. गाभडलेल्या, म्हणजे दिवस भरायच्या आधीच पिलू टाकलेल्या घोडीच्या बाबतीत ही घाई जास्तच असते. मेलेलं शिंगरू आणि जार एकाच खड्ड्यात जातात, वर चार पाट्या माती पडते आणि विषय संपतो. कोणतं औषध लागू पडलं असतं आणि कोणतं पडणार नव्हतं, हे सांगू शकणारी वस्तू आपण त्या खड्ड्यात टाकून येतो. आणि मग वर्तमानपत्रात, सभेत, दवाखान्याच्या बाकावर भांडत बसतो की मेडिकलवर चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकू द्यावं की नाही.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. या भांडणात मला एका बाजूला उभं राहायला सांगतात तेव्हा मी आधी त्या खड्ड्याबद्दल बोलतो.

दोन वर्षांपूर्वी वरातीला घोडी देणाऱ्या एका मालकाचा फोन आला. आवाजात आनंद होता. "डाक्टरसायब, घोडीनं कास केलीय. दूध गळायलंय. लवकर मोकळी होती बगा." मी महिना विचारला. नववा सरत आलेला. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे, साधारण 340. कास भरते ती शेवटच्या दोन-चार आठवड्यांत. नवव्या महिन्यात दूध गळायला लागलं तर आत जार बिघडलाय असं आधी धरून चालावं. "शेपटीच्या केसांना काही चिकटलंय का?" म्हटलं, तर म्हणाला, "हाय थोडं. पिवळसर. पण त्येचं इंजेक्शन चालूच हाय की, तीन दिवस झाले." पहिले दोन दिवस टेट्रासायक्लिन, तिसऱ्या दिवशी माणसांसाठीचं सेफालोस्पोरिन गटातलं एक अँटिबायोटिक, कारण मेडिकलवाल्याकडे "जरा भारीतलं" मागितलं होतं. त्याच रात्री घोडी गाभडली.

सकाळी मी पोचलो तेव्हा त्याचं पोरगं टिकाव घेऊन उकिरड्याकडे निघालं होतं. जार घमेल्यात होता. मी तो पोत्यावर पसरायला लावला. घोडीचा जार नीट पसरला की इंग्रजी 'एफ' या अक्षरासारखा दिसतो: एक उभं अंग आणि त्याला फुटलेली दोन शिंगं. गर्भाशयाला चिकटणारी बाजू लालभडक आणि मखमलीसारखी असते. या जाराची शिंगं तशीच होती, बोट फिरवलं तर मऊ लागत होतं. पण खालचं टोक, जे गर्भाशयाच्या तोंडाशी असतं, तिथे मखमल उडालेली. हातभर जागा तपकिरी, जाड, जुन्या चपलेच्या चामड्यासारखी, आणि वर चिकट राखाडी थर. रोग कुठून आला हे तिथेच लिहिलेलं होतं. खालून वर.

घोडीच्या जाराचे बहुतेक जिवाणू असेच येतात, योनीमार्गातून गर्भाशयाच्या तोंडातून वर चढत. वयस्क आणि वाळलेल्या घोडीत हे जास्त होतं. अंगावरचं मांस उतरलं की गुदद्वार आत ओढलं जातं, खालची योनी तिरकी होते, ओठ नीट मिटत नाहीत, आत हवा शिरते आणि लीद थेट त्यावर पडते. मराठवाड्यात ज्या वर्षी कडबा महागतो त्या वर्षी वरातीच्या, वीटभट्टीच्या, धनगरांच्या तट्टांच्या बरगड्या आधी दिसायला लागतात. म्हणजे या रोगाची सुरुवात मेडिकलवर होत नाही, ती गव्हाणीत होते. ओठांचा वरचा भाग टाके घालून मिटवायची साधी शस्त्रक्रिया आहे, ती वेळेवर केली तर पुष्कळ घोड्या वाचतात. पण घोडी बाजारात घेताना दात बघणारे शंभर भेटतात. शेपूट उचलून बघणारा मला आजवर एकच भेटला.

वर चढणाऱ्या मंडळींत पहिला मान स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकसचा. त्याच्या मागे ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि स्यूडोमोनास. नावं अवघड आहेत, पण इथला मुद्दा नावांचा नाही, स्वभावाचा आहे. साधं पेनिसिलिन पहिल्यावर चालतं आणि ई. कोलायवर मुळातच चालत नाही. उलट जेंटामायसिन ई. कोलायवर चालू शकतं, पण एकटं दिलं तर स्ट्रेप्टोकॉकसवर त्याचा फारसा जोर नसतो. स्यूडोमोनास बहुतेक नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. चारही जण एकाच जागी, एकाच रंगाचा चिकट थर करून बसतात. डोळ्याने बघून कोण आहे ते सांगणारा डॉक्टर मी अजून पाहिला नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. त्यात मीही आलो. पंधरा वर्षं मीही बॅगेत जे असेल ते टोचत आलो आहे.

त्या दिवशी मी जाराच्या तपकिरी भागाच्या कडेवरून स्वॅब घेतला आणि तो पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठवला. मराठवाड्यात अशी महाविद्यालयं परभणीला आणि उदगीरला आहेत. तिथे होणारी चाचणी कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणून ओळखली जाते. तिच्यात जादू काहीच नाही. शेळी-मेंढीचं रक्त मिसळलेल्या आगर नावाच्या जेलीच्या थाळीवर जिवाणू वाढवायचे, मग त्यांचं ठरावीक गढूळपणाचं पाणी करून दुसऱ्या थाळीवर सारखं पसरायचं. त्यावर औषधात भिजवलेल्या 6 मिलिमीटरच्या कागदी टिकल्या ठेवायच्या, बाईच्या कपाळावरच्या टिकलीएवढ्या. रात्रभर 35 अंशाला ठेवलं की सकाळी दिसतं: जे औषध लागू पडतं त्या टिकलीभोवती स्वच्छ गोल मोकळा राहतो, जे पडत नाही तिच्या अगदी कडेपर्यंत जिवाणू येऊन बसलेले असतात. पट्टी लावून गोल मोजायचा आणि तक्त्याशी ताडून बघायचा.

चौथ्या दिवशी अहवाल आला. स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस. पेनिसिलिनभोवती मोठा गोल. टेट्रासायक्लिनच्या टिकलीला जिवाणू खेटून. म्हणजे पहिले दोन दिवस त्या घोडीला जे टोचलं ते थाळीवरही फुकट होतं. मालकाला मी कागद दाखवला तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पेनिसिलिन? ते तर जुनं झालं म्हणतेत. आता कुणाला लागू होईना."

हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो, त्यामुळे त्याचा हिशोब एकदा मांडतोच. घोड्याला प्रोकेन पेनिसिलिनची मात्रा किलोमागे 22,000 युनिट, दर बारा तासांनी. आपलं लग्नाचं तट्टू 300 किलोचं धरा. एका वेळचे 66 लाख युनिट झाले. माणसांसाठीच्या 4 लाखांच्या कुप्या घेतल्या तर सोळा लागतात, तरी थोडं कमीच पडतं. जनावरांसाठीची 40 लाखांची मोठी कुपी घेतली तरी दीडहून जास्त, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच. प्रत्यक्षात काय होतं? एक कुपी, एकदा, आणि "बघू उद्या". उद्या गुण येत नाही. मग पेनिसिलिन जुनं झालं. औषधाचा थोडासा हिस्सा देऊन औषधाला नापास करायचं, आणि नव्या, महागड्या, माणसांना शेवटच्या घटकेला लागणाऱ्या इंजेक्शनाकडे वळायचं. थोड्या मात्रेत मरतात ते कमजोर जिवाणू. टिकतात त्यांचं फावतं. (हे वाचून कुणी घरी कुप्या फोडायला बसू नये. प्रोकेन पेनिसिलिन मांसात द्यायचं असतं. चुकून शिरेत गेलं तर घोडं जागेवर वेडंपिसं होऊन आदळतं, मी पाहिलंय.)

थाळीवरचा मोठा गोल म्हणजे सगळं काम फत्ते असंही नाही. औषध रक्तातून जारात आणि गर्भजलात उतरलं पाहिजे. अमेरिकेत गाभण पोनी घोड्यांवर हे मोजून पाहिलं गेलं आहे. पेनिसिलिन, जेंटामायसिन आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फा आत पोचतात. अंगात अनेक दिवस टिकणाऱ्या सेफ्टिओफुर या अँटिबायोटिकचं नाव मोठं, पण ते आत पुरेसं उतरत नाही असं दिसलं. म्हणजे "भारीतलं" या शब्दाला जारापाशी काही अर्थ नाही. शिवाय अँटिबायोटिक हा उपचाराचा एक भाग. सूज उतरवणारं आणि गर्भ टिकवणारं औषध बरोबर लागतं, आणि सगळं लवकर लागतं, कास भरायला लागल्याच्या दिवशी, चौथ्या दिवशी नाही. म्हणूनच अहवालाची वाट बघत हात बांधून बसता येत नाही. पहिला डोस अंदाजानेच द्यावा लागतो. अंदाज कशावर करायचा, इथे खरी गोम आहे.

अमेरिकेतल्या केंटकीत हा अंदाज कागदावर असतो. तिथे घोड्याची पैदास हा जिल्ह्याजिल्ह्याचा धंदा, एकेका शिंगराची किंमत आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या हंगामाच्या हिशोबात बसेल अशी. शिंगरू मेलं की शिंगरू आणि जार दोन्ही लेक्सिंग्टनच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जातात. रिवाजच पडला आहे. त्यातूनच त्यांना 1980 च्या दशकात जाराच्या मध्यावर, खालून न चढता, बसणारा एक वेगळाच रोग सापडला. त्यातल्या एका जिवाणूचं क्रॉसिएला इक्वाय असं बारसं पुढे 2002 मध्ये झालं. 2001 मध्ये तिथे घोड्या धडाधड गाभडल्या तेव्हा कारण शोधत शोधत ते झाडांवरच्या केसाळ सुरवंटांपर्यंत पोचले. कुणी जार पुरला असता तर सुरवंट कधीच सापडले नसते. वर्षानुवर्षं साठलेल्या या अहवालांवरून तिथला डॉक्टर पहिल्या दिवशीचं औषध निवडतो. आम्ही मराठवाड्यात त्यांच्याच पुस्तकातले आकडे वाचतो आणि लोह्याजवळच्या माळेगावच्या घोडीला लावतो. त्या घोडीच्या जिवाणूंनी केंटकी पाहिलेलं नाही. त्यांनी आपल्याकडची अर्धी कुपी पाहिली आहे.

आता चिठ्ठीच्या भांडणाकडे येतो. केरळने 2024 मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर धाडी घातल्या, आपल्याकडेही तसंच करा अशी मागणी होते. कायदा तर देशभर आहेच: सेफालोस्पोरिनच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीसारखी औषधं 2014 पासून अनुसूची एच-1 मध्ये आहेत. दुकानदाराने त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवायची असते. तालुक्याच्या ठिकाणी ती वही किती दुकानांत भरली जाते, हे मी सांगायची गरज नाही. पण केरळचं उदाहरण देणारे अर्धंच उदाहरण देतात. केरळने 2018 मध्ये स्वतःचा कृती आराखडा केला आणि कोणत्या जिवाणूवर कोणतं औषध किती चालतं याचा राज्याचा तक्ताही काढला. तो माणसांच्या रुग्णालयांतला, पण काढला. आधी दिशा दाखवली, मग दांडकं उगारलं. आपण नुसतं दांडकं आणलं तर काय होईल? वीटभट्टीवरच्या माणसाला सर्वात जवळचा डॉक्टर पंचवीस किलोमीटरवर. गावाकडच्या छोट्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहेत, त्यांच्याकडे घोड्याचं शिक्षण जुजबी. 1962 या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन केला तर फिरतं पथक येतं, पण त्या गाडीतही स्वॅबची नळी मला क्वचितच दिसली. मेडिकल बंद केलं की चोरून मिळेल, किंवा मिळणारच नाही. दोन्हींत जिवाणूचं भलं.

माझे काही व्यवसायबंधू यावर म्हणतात की घोडे आहेतच किती. खरंय. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू सव्वासहा लाख होते, 2019 मध्ये 3 लाख 42 हजार उरले. गाढवं त्याहून वेगाने घटली. प्रतिजैविकांच्या देखरेखीच्या सरकारी योजनांचा भर अन्नासाठीच्या प्राण्यांवर आहे, आणि ते बरोबरच आहे. दूध, अंडी, मासे माणसाच्या पोटात जातात. आपल्याकडे घोड्याचं दूध कुणी विकत नाही, मांस कुणी खात नाही, म्हणून औषधाचा अंश मोजणारी कुठलीच चाळणी त्याला लागत नाही. माझ्या मते नेमकं म्हणूनच तिकडे बघायला हवं. दुभत्या म्हशीला नको ते टोचलं तर कधीतरी डेअरीवर बोंब होण्याची शक्यता असते. घोडीला काहीही टोचा, विचारणारा कोणी नाही. औषध माणसाच्या दुकानातून येतं, घोडी घराच्या ओसरीशी बांधलेली असते, आणि झूएपिडेमिकस हा घोड्याजवळ राहणाऱ्या माणसाला कधीमधी गंभीर आजारी पाडतो, हेही नोंदलं गेलेलं आहे. घोडे कमी झाले म्हणून त्यांचे जिवाणू त्यांच्यापुरते राहत नाहीत.

आणि नमुने पाठवायची व्यवस्था नाही म्हणावं तर तीही पूर्ण खरी गोष्ट नाही. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या रोगासाठी केंद्राने 2019 मध्ये राष्ट्रीय आराखडा केला. त्यात घोडा-गाढव-खेचरांच्या रक्ताचे नमुने गावातून घेऊन तपासायचे असतात, आणि त्याचं मुख्य ठिकाण हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. म्हणजे तालुक्यातून थंड डब्यात नमुना निघतो, हरियाणापर्यंत जातो, निकाल परत येतो. ज्या डब्यातून रक्त हजार-दीड हजार किलोमीटर जाऊ शकतं, तसाच डबा एसटीने परभणीला किंवा उदगीरला पाठवायला काय अडचण आहे? अडचण डब्याची नाही. ग्लँडर्सला सरकारी कागद आहे, गाभडलेल्या घोडीला नाही. तेवढा कागद काढा. प्रत्येक दवाखान्यात एमीज माध्यमाच्या दहा नळ्या ठेवा, ज्यांत स्वॅब दिवसभर तग धरतो. चाचणीचे पैसे मालकाकडून घेऊ नका, आणि दर एप्रिलमध्ये दोन्ही महाविद्यालयांनी मिळून कोणत्या जिवाणूवर काय चालतं याचं जिल्हावार एक पान छापावं. पुस्तक नको, अहवाल नको, उद्घाटन तर मुळीच नको. एक पान.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत डिसेंबर-जानेवारीत घोड्यांचा बाजार भरतो. पशुसंवर्धन खात्याचा तंबू तिथे असतोच. गाभण घोड्यांचे मालक एकाच मैदानावर सापडण्याची वर्षातली ही एक वेळ. तिथे शेपूट उचलून कोणत्या घोडीला टाके लागतील ते सांगता येईल, आणि मालकाच्या हातात झाकणाची बादली देता येईल: गाभडली तर जार यात ठेव, पाणी घालू नकोस, मिठात घालू नकोस, सावलीत ठेव आणि फोन कर. नीट व्याली तरी जार बघायला ठेव. गाईचा जार बारा तास राहिला तरी आपण थांबतो, घोडीचा तीन तासांत पडलाच पाहिजे. अख्खा पडला की तुकडा आत राहिला, हे पसरून पाहिल्याशिवाय कळत नाही. तुकडा राहिला तर दोन दिवसांत ताप, मग खुरांची सूज, मग ती घोडी वरातीत नाचत नाही, उभीही राहत नाही.

ज्या मेडिकलवरून त्या घोडीची पहिली इंजेक्शनं गेली होती त्या दुकानदाराला मी नंतर भेटलो. भांडायलाच गेलो होतो. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "सर, माणूस रात्री नऊला येऊन काउंटरवर उभा राहतो, घोडी मरायली म्हणतो. मी नाही म्हणलो तर समोरच्या दुकानात जातो. तुम्ही लिहून द्या ना, आपल्या भागात काय चालतं ते. मी काचेवर चिकटवतो, आणि आधी डॉक्टरला फोन करा असंही वर लिहितो."

मला उत्तर सुचलं नाही. त्या घोडीनंतर मी जे जार तपासायला पाठवले त्यांची एक वही केली आहे. त्यात आजवर अकरा ओळी झाल्यात. एका जिवाणूचे किमान तीस नमुने असल्याशिवाय तक्ता मांडू नये असा प्रयोगशाळांचा नियम आहे. माझ्या अकरांत तर चार जातीचे जिवाणू आहेत. त्या काचेवर अजून मोबाइल रिचार्जचीच जाहिरात आहे.